विठ्ठल, डार्विन आणि आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कनिष्ठ महाविद्यालयात मी पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आमच्या घरात वारी पणजोबांपासून चालत आली आहे. त्यामुळे श्रद्धा आणि उत्क्रांती यांबद्दलचे प्रश्न मला दोन्हीकडून येतात. वर्गात मुलं विचारतात, दिंडीच्या मुक्कामात म्हातारी माणसं विचारतात आणि अलीकडे पालक फोन करून विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

उत्क्रांती मान्य केली म्हणजे देव नाही असं मान्य करावं लागतं का?

नाही. पृथ्वीवरचे सगळे सजीव एकमेकांचे नातलग आहेत, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यात बदल होत गेले आणि त्या बदलांतून नव्या प्रजाती निपजल्या, एवढंच उत्क्रांती सांगते. हे सगळं कोणाच्या सत्तेनं चाललंय, की कोणाच्याच नाही, या प्रश्नाला ती हात घालत नाही.

स्वतः डार्विन पाद्री व्हायचं म्हणून केंब्रिजला शिकायला गेला होता. पुढे त्याची श्रद्धा ओसरत गेली. १८५१ साली त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी गेली, तो घाव फार खोल होता. तरीही १८७९ साली एका पत्रात त्यानं लिहिलं की माणूस मनापासून आस्तिक आणि उत्क्रांती मानणारा, दोन्ही असू शकतो. याबद्दल शंका घेणंच त्याला निरर्थक वाटत होतं. स्वतःला तो अज्ञेयवादी म्हणायचा, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा; नास्तिक नव्हे. अमेरिकेत त्याची बाजू हिरिरीनं मांडणारे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा धर्मोपदेशक होता. विसाव्या शतकात आनुवंशिकता आणि उत्क्रांती यांचा सांधा जुळवणाऱ्यांपैकी थिओडोसियस डोब्झान्स्की चर्चला मानणारे होते आणि मानवी जनुकसंचयाचा प्रकल्प पूर्णत्वाला नेणारे फ्रान्सिस कॉलिन्सही आहेत.

पण ‘विज्ञान वेगळं, धर्म वेगळा, दोघांची कधी गाठच पडत नाही’ असं सांगून मी मोकळी होणार नाही. गाठ पडते. काही समजुती उत्क्रांतीपुढे टिकत नाहीत. त्या कोणत्या, ते पुढे लिहिलं आहे.

माकडापासून माणूस झाला, तर माकडं अजून कशी आहेत?

तुमच्या चुलत भावापासून तुम्ही जन्मला नाहीत. तुमचे दोघांचे आजोबा एक. तुम्ही आहात म्हणून चुलत भावानं नाहीसं व्हायला हवं असं कोणी म्हणत नाही. चिंपांझी आणि आपण असे भाऊबंद आहोत. साधारण साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी दोन्ही घरं वेगळी झाली. आपल्या झाडावर उड्या मारणारी वानरं तर त्याहून कितीतरी लांबची.

दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी येतात. बैलावर बसून गावात यायचं, घराची वंशावळ म्हणून दाखवायची आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचं, हा त्यांचा व्यवसाय. ज्यांचं तोंड एकमेकांनी पाहिलेलं नाही अशी दोन घरं एकाच मूळपुरुषाची निघतात, कारण हेळव्याच्या वहीत तसं लिहिलेलं असतं. आपल्या पेशींतला डीएनए ही तशीच वही आहे. फरक इतकाच की तिच्यात माणसाबरोबर बिबट्या, बेडूक आणि बाभळही नोंदलेली आहे.

पण हे होताना कोणी पाहिलंय?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी हाच मुद्दा मांडला होता. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून डार्विन चूक, असं त्यांचं म्हणणं होतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं.

पूर्वजांनी पाहिलं नाही हे खरंच आहे. लाखो वर्षांची गोष्ट एका आयुष्यात दिसत नाही. जिथे पिढी झटपट उलटते तिथे मात्र ती डोळ्यांसमोर घडते. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ साली सुरू केलेल्या प्रयोगात जिवाणूंच्या पाऊण लाखाहून जास्त पिढ्या झाल्या आहेत आणि त्यांच्यातले बदल टप्प्याटप्प्यानं नोंदले गेले आहेत. औषधांना दाद न देणारा क्षय हाही उत्क्रांतीचाच परिणाम, आणि तो आपल्या दवाखान्यांत रोज दिसतो.

जुन्या बदलांसाठी खुणा वाचाव्या लागतात. वर्गात मी मुलांना अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट जरा आत वळवायला सांगायचे. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक शीर वर येते. खरं तर ती शीर नाही, एका स्नायूची कंडरा आहे. झाडावर लोंबकळणाऱ्या नातलगांना तिचा उपयोग असतो. पन्नास मुलांच्या वर्गात पाच-सात जण तरी ओरडतात, ‘बाई, माझ्या हाताला नाहीच!’ आणि त्यांची पकड इतरांसारखीच घट्ट असते. मग मी विचारायचे, पाठीच्या कण्याचं शेवटचं हाड कोणतं? माकडहाड. नाव आपल्या भाषेनं आधीच ठेवलंय. आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यात गर्भाला छोटी शेपटी असते आणि त्याच महिन्याच्या शेवटाकडे ती जिरते.

मला सगळ्यात पटणारा पुरावा मात्र एका चुकीचा आहे. बकरी, कुत्रा, गाय आपल्या शरीरात क जीवनसत्त्व बनवतात. आपल्याला ते आवळ्यातून, लिंबातून घ्यावं लागतं, कारण ते बनवणारं जनुक आपल्यात मोडलेलं आहे. मोडकं असूनही ते जागेवर आहे. चिंपांझीत आणि इतर वानरांतही तेच जनुक मोडलेलं आहे आणि मोडण्याच्या कित्येक खुणा जुळतात. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती समोर ठेवून पाठ शुद्ध केला. प्रती तपासणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली, तर दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरवलेल्या असतात. बरोबर मजकूर दोघे स्वतंत्रपणे लिहू शकतात, तीच ती चूक सहसा नाही.

शेवटी ती ‘थिअरी’च ना? सिद्ध कुठे झालीय?

हा आक्षेप इंग्रजीतून आलाय. तिथे रोजच्या बोलण्यात ‘थिअरी’ म्हणजे अंदाज. मराठीत आपण सिद्धांत म्हणतो, म्हणजे पडताळून पाहिल्यावर शेवटी जे सिद्ध ठरलं ते. अंदाजाला आपल्याकडे गृहीतक हा शब्द आहे. आपल्या भाषेत जो घोटाळा नाही, तो उसना कशाला आणायचा?

आपल्याच भाषेनं केलेला घोटाळा वेगळा आहे, तो ‘उत्क्रांती’ या शब्दात आहे. ‘उत्’ म्हणजे वर, त्यामुळे सगळे जीव जिना चढताहेत आणि माणूस शेवटच्या पायरीवर उभा आहे असं वाटतं. वेदान्तात तर हा शब्द जीवानं देह सोडून जाण्यासाठी वापरलेला आहे. जीवशास्त्रात वर आणि खाली असं काही नाही. गांडूळ मागासलेलं नाही. तेही आपल्याइतक्याच वर्षांचा प्रवास करून इथवर आलंय.

दशावतार म्हणजेच उत्क्रांती नाही का? मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन…

व्याख्यानात हे वाक्य आलं की टाळ्या पडतात. मलाही शाळेत ते फार आवडलं होतं. कल्पना जुनी आहे. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ साली ती मांडली. पुढे ब्रिटनहून येऊन भारतात स्थायिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनाही दशावतारांच्या या क्रमाचं कौतुक वाटलं होतं. दोघांनी ती साम्य म्हणून सांगितली. आपण तिचा पुरावा करतो, तिथे चुकतं.

जवळून पाहा. उत्क्रांतीत कासवाचा वराह होत नाही. दोघांच्या फांद्या फार पूर्वी फुटलेल्या आहेत. परशुराम आणि राम एकाच काळातले, एकमेकांना भेटलेले, मग त्यांना मानवाचे दोन टप्पे कसं म्हणायचं? नवव्या जागी कुठे बुद्ध, तर आपल्याकडच्या काही जुन्या चित्रांत विठ्ठल आहे. तिथे जीवशास्त्र काय सांगणार? आणि मुळात अवतार म्हणजे खाली उतरणं. भक्ताच्या हाकेला देव खाली येतो, हा त्या कथांचा जीव आहे. प्रल्हादासाठी खांब फुटतो. त्या नरसिंहाला ‘प्राणी आणि मानव यांमधला दुवा’ केलं की प्रल्हादच गोष्टीतून निघून जातो.

सिंधुदुर्गात रात्रभर चालणारा दशावतार पाहिलाय? पेटारा येतो, गणपती येतो, संकासुर येतो, आणि पहाटेपर्यंत माणसं हलत नाहीत. त्यातल्या कोणाला तो जीवशास्त्राचा तास वाटत नाही आणि त्याचं काही अडत नाही. विज्ञानाच्या शिक्क्यावाचून आपली कथा लहान ठरते, ही भीती आपण सोडली पाहिजे. कारण शिक्का उद्या पुसला गेला तर? विज्ञान आपली मतं बदलतं, तो त्याचा गुण आहे. मग दर वेळी देवालाही बदलायला लावणार का?

ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी. हे कसं जुळलं?

आकडे जवळ आले, इतकंच. कल्पाचा, म्हणजे ब्रह्मदेवाच्या या दिवसाचा, आकडा युगांच्या गणितातून येतो. पृथ्वीचं वय अशनींतल्या आणि खडकांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढलेलं आहे. वाटा वेगळ्या आहेत आणि दोन्ही आकड्यांत २२ कोटी वर्षांची तफावत आहे. त्या तफावतीत डायनासोरांचं सगळं राज्य मावतं.

एक गोष्ट मात्र खरी आहे. आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात जगाची सुरुवात इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली असा हिशेब मांडला होता. ते मानणाऱ्या घरांत कोट्यवधी वर्षांची भाषा ऐकून भूकंप झाला. आपल्या कानांना कोटींची सवय होती, त्यामुळे तो धक्का आपल्याला बसला नाही.

सगळं योगायोगानं झालं, म्हणजे आयुष्याला काही अर्थच नाही?

‘सगळं’ योगायोगानं झालं असं उत्क्रांती म्हणत नाही. जनुकातला बदल कुठे आणि कधी होईल हे आंधळं असतं. त्यातलं काय टिकेल हे मात्र आंधळं नसतं. शेतकरी जोंधळ्याची भरदार कणसं बियाण्यासाठी राखतो. कोणतं कणीस भरदार येणार हे त्याच्या हातात नसतं, पण निवड त्याची असते. निसर्गात ही निवड ऊन, दुष्काळ, रोग आणि शिकारी करतात. डार्विननंही आपलं पुस्तक पाळीव जनावरं आणि कबुतरं यांच्यापासूनच सुरू केलं, कारण वाचकाला ते घरचं होतं.

अर्थाचं म्हणाल, तर जीवशास्त्रानं तो द्यावा अशी माझी कधी अपेक्षाच नव्हती.

कीर्तनात अंगावर काटा येतो, तो देवामुळे की केसाळ पूर्वजांमुळे?

हा प्रश्न अकरावीतल्या एका मुलीनं विचारला होता. इतकी वर्षं झाली, पण याहून चांगला प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. थंडी वाजली किंवा भीती वाटली की तो आखडतो, केस उभा राहतो आणि त्याच्या बुडाशी कातडी फुगते. कुत्रा समोर आला की मांजर दुप्पट दिसते ती याच्यामुळे. साळिंदराचे काटे उभे राहतात तेही असेच, काटे म्हणजे जाड झालेले केसच. आपल्या भाषेनं ‘अंगावर काटा’ म्हटलं ते किती नेमकं! अंगावर दाट केस असताना केसांत हवा धरून ऊब मिळायची, शत्रूपुढे मोठं दिसता यायचं. आता लव उरली, ऊब मिळत नाही, पण स्नायू आहे तिथेच आहे.

लहानपणी मी आजीचा हात धरून रिंगण पाहिलं होतं. माउलींचा अश्व धुरळा उडवत गेला आणि माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला धावली. आजी जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिच्या सुरकुतलेल्या मनगटावर उठलेला काटा माझ्या बोटांना लागत होता. जुन्या शास्त्रकारांनी अष्टसात्त्विक भावांत रोमांच मोजला आहे. तोच हा.

मी त्या मुलीला सांगितलं, दोन्हींमुळे. थंडीसाठी आणि भयासाठी घडलेला स्नायू होता, तोच आनंदाच्या कामी आला. उत्क्रांतीची रीतच अशी आहे, ती नवा अवयव शून्यातून बनवत बसत नाही, हाताशी असेल तेच नव्या कामाला लावते. आजीची भक्ती ज्या देहातून उमटली तो देह असा जुना, असा अनेकांच्या वाट्याचा होता. तुकोबांनी झाडावेलींना आणि रानातल्या जनावरांना सोयरे म्हटलं. मला जीवशास्त्र शिकल्यावर त्या एका शब्दाचा हिशेब लागला.

माणसात आत्मा नेमका कधी आला?

ज्या धर्मांत आत्मा फक्त माणसाला आहे, तिथे हा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे मुंगीलाही जीव आहे आणि झाडालाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनी म्हणणाऱ्याला सीमारेषा शोधत बसावं लागत नाही. मात्र पुनर्जन्माला ‘आत्म्याची उत्क्रांती’ म्हणू नका. प्रजाती बदलते ती पिढ्यांतून, एका जीवाच्या पुण्याईतून नव्हे.

हे सगळं देवानं घडवलं, तर त्यात एवढं दुःख का?

माझ्यासाठी हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. डार्विनलाही हाच अडला होता. जिवंत अळीच्या पोटात अंडी घालणाऱ्या माश्या दयाळू देवानं मुद्दाम निर्माण केल्या असतील हे मला पटत नाही, असं त्यानं १८६० साली एसा ग्रे यांना लिहिलं.

आपल्याकडचं उदाहरण सिकलसेलचं आहे. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी वस्त्यांत, विदर्भातल्या अनेक घरांत हा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतो. तो फरक आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडूनच आला, तर घातक मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात तो टिकला आणि वाढला. दोघांकडूनही आला तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे असा एकेक फरक बाळगणारे असतील, तर प्रत्येक बाळंतपणात अशा मुलाची शक्यता चारात एक. म्हणजे ज्या बदलानं एका भावाला तापातून वाचवलं, तोच दुसऱ्याला वेदना देतो. निवड कोणावर दया करत नाही आणि कोणाला शिक्षाही करत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीला हा आजार होता. तिच्या आईला नात्यातल्या कोणीतरी ऐकवलं, ‘मागच्या जन्माचं भोगतेय पोर.’ ती माऊली शाळेच्या व्हरांड्यात मला हे सांगताना थरथरत होती. मी तिला जनुकाचं चित्र काढून दाखवलं. तुम्ही दोघांनी काही पाप केलेलं नाही, मुलीनंही नाही, हे मलेरियाशी लढलेल्या तुमच्या पूर्वजांकडून आलंय. ते ऐकून ती रडली, पण वेगळं रडली. त्या दिवशी उत्क्रांतीनं श्रद्धेचं काही हिरावून घेतलं नाही, एका निष्ठुर समजुतीतून एका बाईला सोडवलं. देव असं का चालू देतो, हे मी आजही विठोबाला विचारते. आपल्या संतांनी त्याच्याशी भांडण केलंय, तेवढा हक्क मीही घेते.

‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम, मग उच्च-नीच असणारच ना?

नाही, आणि इथे मी जराही मागे हटणार नाही. ‘सर्वांत लायक तोच टिकतो’ हे शब्द हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ सालचे; डार्विननं ते नंतर उचलले. लायक म्हणजे बलवान किंवा श्रेष्ठ नव्हे. त्या त्या परिस्थितीत ज्याची संतती टिकते तो. आणि निसर्गात जे घडतं तेच माणसानं करावं असा उपदेश कोणत्याही जीवशास्त्रात नाही.

सुरुवातीला म्हटलं होतं की काही समजुती सोडाव्या लागतात, त्यांतली पहिली हीच. माणसांचे वर्ण मुळातच वेगवेगळे निर्माण झाले, काही जन्मतःच वरचे, काही खालचे, हे उत्क्रांतीच्या पुराव्यापुढे उभं राहू शकत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातल्या जवळपास सगळ्या समूहांची आपसांत सरमिसळ झाली. जातीबाहेर लग्न न करण्याची रीत त्यानंतर घट्ट झाली. रक्तानं आपण सगळे मिसळलेले आहोत. दुसरी सोडायची समजूत म्हणजे माणूस सृष्टीचा मालक आहे ही. ज्याची श्रद्धा या दोन समजुतींवर उभी आहे, त्याला उत्क्रांती खरोखरच धोक्याची आहे. ज्याची समतेवर उभी आहे, त्याला नाही.

इतर धर्म काय म्हणतात?

कॅथलिक चर्चनं १९५० साली बाराव्या पायस पोपच्या पत्रातून मानवी देहाच्या उत्पत्तीबद्दल संशोधनाला वाट दिली. आत्मा मात्र थेट ईश्वराकडून, असं सांगितलं. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी दुसरे जॉन पॉल म्हणाले की हा सिद्धांत आता गृहीतकापेक्षा अधिक आहे. वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरातल्या मुलाला धर्माकडून अडसर नाही. विरोध जोरात आहे तो बायबल शब्दशः वाचणाऱ्या गटांचा. अमेरिकेत १९२५ साली डेटन गावात उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला आणि २००५ साली डोव्हरच्या खटल्यात न्यायालयानं ‘हेतुपूर्ण रचना’, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्यानं आखून घडवले हे मत, विज्ञान नाही असा निकाल दिला. आपल्या मोबाइलवर फिरणारे बरेच आक्षेप तिथलेच आहेत, फक्त देवाचं नाव बदललेलं असतं.

मुसलमान अभ्यासकांत एकमत नाही. प्राण्यांची उत्क्रांती मानून आदमची निर्मिती वेगळी मानणारे बरेच आहेत, सगळी मानणारे आहेत आणि सगळी नाकारणारेही. बौद्ध धम्मात निर्माता ईश्वरच नाही, त्यामुळे वादाचं मूळच नाही.

डार्विननं मरताना आपला सिद्धांत मागे घेतला होता ना?

नाही. लेडी होप नावाच्या बाईंची ती गोष्ट १९१५ साली, त्याच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनी, अमेरिकेत छापून आली. त्याच्या मुलीनं, हेन्रिएटानं, १९२२ साली स्पष्ट लिहिलं की शेवटच्या घटकेला मी त्याच्याजवळ होते आणि असं काही घडलं नाही. आणि घेतला असता, तरी माकडहाड नाहीसं झालं असतं का?

मुलाला शाळेत एक शिकवतात, आजी दुसरं सांगते. आम्ही काय सांगायचं?

आजीची गोष्ट खोटी ठरवू नका. आणि पुस्तकातली गोष्ट ‘परीक्षेपुरती लिही’ असंही म्हणू नका. दुसरी चूक जास्त घरांत होते आणि जास्त नुकसान करते. परीक्षेपुरतं खरं आणि घरात वेगळं खरं, असं शिकलेलं मूल पुढे दोन्हीकडे खोटं वागायला शिकतं.

माउलींनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही गोष्ट घ्या. मुलगा विचारेल, रेड्याला बोलता येईल का? त्याला सांगा, रेड्याच्या स्वरयंत्रातून तसे उच्चार निघत नाहीत. मग त्याला विचारा, ही गोष्ट कोणी कोणाला सांगितली असेल? वेद म्हणायचा अधिकार ज्या मुलांना नाकारला, त्यांच्या बाजूनं रेडा उभा राहिला. आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे, लोक तिथे माथा टेकतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे सगळं एकदम कळतं. मोठ्यांनाच जड जातं.

दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली म्हणे?

एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकातून, हो. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातली उत्क्रांती गेली, नुसती ‘आनुवंशिकता’ राहिली. २०२३ साली १८०० हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे. पण दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेला जाणाऱ्या मुलांचं काय? त्यांना ती आयुष्यात कधीच भेटणार नाही. २०१८ साली आलेल्या महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. तो मनापासून शिकवा, एवढी शिक्षकांना कळकळीची विनंती.

हे मुलांना डोळ्यांनी दाखवायचं तर कुठे न्यावं?

लांब जायचं असेल, तर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आहे. तिथे डायनासोरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठासुद्धा सापडली आहे. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथला एकही तुकडा घरी आणू नका; जागेवरून उचलला की त्याची साक्ष गेली.

कोकणात गेलात तर मुलांना देवमाशाची गोष्ट सांगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं. लोकांनी त्याला पाण्यात परत ढकलायला रात्रीचा दिवस केला, पण ते वाचलं नाही. नाव मासा असलं तरी तो हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो आणि त्याच्या पोटात मागच्या पायांच्या कमरेची हाडं अजून आहेत. त्याचा एक जुना नातलग जम्मू-काश्मीरमध्ये सापडला: इंडोहायस, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, पिसोरी हरणासारखा दिसणारा. कानाचं हाड मात्र देवमाशाचं. कच्छच्या खडकांत तर पाय असलेले देवमासेच मिळाले आहेत.

आणि वारीला जात असाल तर कुठेच वेगळं जायला नको. पुण्याहून सासवडला जाताना माउलींची पालखी दिवे घाट चढते. रथाला जादा बैलजोड्या लावतात, सगळ्यांचं लक्ष वर असतं. तेव्हा रस्त्याकडेच्या कापलेल्या डोंगराकडे एकदा पाहा. काळ्या दगडाचे थर एकावर एक बसलेले दिसतील. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात, डायनासोरांचे शेवटचे दिवस चालू असताना, एकामागून एक पसरलेल्या लाव्ह्याचे ते थर आहेत. सह्याद्रीत अशा दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल मातीची रेघ असते. एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत तिथे माती तयार झाली होती, तिच्यावर पाऊस पडत होता.